लाईन

सातवीच्या चाचणीत घुगे सरांनी विचारलं,
लाईन म्हणजे काय, मराठीत लिहा.
मी लिहिलं, जाते ती.
सरांनी त्याखाली तांबड्या पेनानं
एक सरळ रेघ ओढली
आणि म्हणाले, ही.

सर औरंगाबादचे. त्यांच्याकडं जायची ती लाईट.
वालूरला लाईट कधी गेली नाही,
गेली ती लाईनच,
आणि गेली की आमची गिरणी मध्येच
गळा धरल्यागत गप्प,
अर्धी ज्वारी पीठ, अर्धी अजून दाणा.

मग दारात डबे लाईनीनं.
डबा नसला तर दगड,
दगड नसला तर एका पायातली चप्पल.
शमीमआपा म्हणायची,
मेरी लाईन आई की लाईन जातीच देखो.
माय हसायची, पिठाळ मनगटानं कपाळ पुसत.

लाईनमन एकच, किशन ढोले. गावं अकरा.
त्याच्या बायकोला सगळे लाईनमनीण म्हणायचे.
तीबी आमच्याच लाईनीत उभी.
कुणी विचारलं, कधी यायलेत वो?
तर म्हणायची, कोण, लाईन का तुमचे भाऊजी?
दोघांचाबी नेम नाही.

थोरला भाऊ दहावीला दोनदा बसला.
मामा म्हणाला, पोरगं लाईनीवर आणा.
भोसरीला नेलं.
फोनवर मी विचारते, सध्या कोणत्या लाईनीत आहेस रे?
तो म्हणतो, आवाज येईना, लाईन खराब आहे.
येत असतो.
मला त्याच्यामागचं मशीनसुद्धा ऐकू येतं.

तिसऱ्या वर्षी एका सांजेला
सर स्वतः आले गव्हाचा डबा घेऊन,
अंधारात पायरी चाचपत.
म्हणाले, लाईन कधी यायलीय?
मी आत पळाले उत्तरपत्रिका शोधायला.
दिसतंय कुठं.

गिरणीची मोटर जिंतूरच्या माणसानं नेली,
त्यालाही सहा वर्षं झाली.
पीठ पुड्यात मिळतं, दारात चप्पल कुणी ठेवत नाही.
पण शेताची लाईन अजून रात्री दोनला येते,
लांब कुणाची तरी मोटर पाणी धरते
आणि माय झोपेतच म्हणते, आली.
उठते. पदर खोचते.
भिंतीवर बटणाच्या जागी चार भोकं आहेत,
त्यांवर हात ठेवून उभी राहते.
तिच्यापुढं कुणी नाही.
मागं मी.