ताजं ठेव

फुएन्सांताचा फोन आला तेव्हा मी मसूर निवडत होते.
म्हणाली, तीन आठवडे, फार तर चार.
शिकारीचा हंगाम संपलाय,
द्राक्षमळ्यांच्या बांधांवर पुन्हा दिसू लागलीत ती,
लांब तोंडाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
मी नाही म्हटलं. घरी सासरे आहेत,
आणि सासरे कोण होते
ते ला मांचातल्या या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

संध्याकाळी ती आलीच.
मानेवर सहा टाके.
कातडीखालची चिप कुणीतरी चाकूनं काढून घेतलेली,
पाकिटावरचा पत्ता फाडावा तशी.
शेपूट नळीत घालून सरळ करायची गोष्ट सोडाच,
हिचं मुळी दिसतच नव्हतं,
पोटाखाली कुठेतरी घडी घालून ठेवलेलं.

घर म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं.
जिना तिला भिंत वाटायचा,
काच तिला हवा वाटायची.
वॉशिंग मशीन फिरू लागलं की ती उभ्या उभ्या मुतायची
आणि मग आमच्याकडे बघायचीही नाही.
आल्मुदेनानं पायरीपायरीवर चीजचा तुकडा ठेवला.
चार दिवस ती पहिल्या पायरीपाशी बसून राहिली.
कुत्री नव्हे, माझी मुलगी.

सासरे टेबलाखालच्या शेगडीशी पाय शेकत,
एक शब्द नाही.
तीस वर्षं त्यांनी अशीच पाळली होती, ससे धरणारी.
दर फेब्रुवारीत एखाद्या सकाळी
दोरी धरून पाइनच्या रानाकडे जायचे
आणि दोरी घेऊन परत यायचे.
माझा नवरा लहानपणी अंगणातली भांडी मोजायचा.
नंतर त्यानं मोजणं सोडलं.

एका रात्री पाणी प्यायला उतरले तर
सासरे जमिनीवर बसलेले.
त्र्याऐंशीव्या वर्षी, त्या गुडघ्यांनी.
त्यांचा हात तिच्या खांद्यावरून फिरत होता,
कुरवाळत नव्हता, वाचत होता.
"उजवा खांदा उतरलाय हिचा," म्हणाले,
"वळताना मागे पडत असणार.
म्हणून."

त्या 'म्हणून'च्या पुढे ते काही बोलले नाहीत.
मीही पाणी पिऊन वर गेले.

मी त्यांना माफ केलं असं नाही.
तो हक्क माझा नव्हे,
आणि ज्यांचा आहे त्यांना विचारायची सोय उरलेली नाही.
तिनं मात्र दुसऱ्या दिवशी
त्यांच्या सपातांवर हनुवटी टेकली.
जनावराला माणूस कळतो म्हणतात.
मला वाटतं, कळत नाही.
शेगडी तिथे होती, एवढंच.

गेंटमधल्या कुणी शिक्षिकेनं फोटो पाहून तिला मागितलं.
पहाटे पाचला, महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर,
सहा-सात कुटुंबं हातात दोऱ्या धरून उभी,
पाठवणीच ती, फक्त वाजंत्री नाही.
एक बाई आपल्या कुत्र्याच्या कानात
औषधांच्या वेळा सांगत होती.
सासरे न बोलावता आले होते,
कोटाची सगळी बटणं लावून.
तिच्या अंगावरच्या झुलीचा पट्टा
त्यांनी एक भोक सैल केला
आणि चालकाला म्हणाले, "तिकडे ओल असते."
तो म्हणाला, ठाऊक आहे, आजोबा.
व्हॅनचं दार लागलं.
मी जीव लावायचा नाही असं ठरवलं होतं,
म्हणून टायरमधली हवा तपासत राहिले.

परतताना दोरी त्यांच्या मांडीवर होती.
रिकामी दोरी घेऊन येणं त्यांना नवं नव्हतं.
मी गाडी हळू चालवली.

घरी सातव्या पायरीवर
चीजचा एक तुकडा राहून गेलेला.
सहावीपर्यंतच पोचली होती ती.
मी उचलायला वाकले.
आल्मुदेना म्हणाली, राहू दे ना.
खालून शेगडीपाशून आवाज आला,
"वाळलंय ते.
ताजं ठेव."