तो कागद उजेडात धर

प्रणाली, तो कागद जरा उजेडात धर.
कार्ड नको. त्याच्यासोबतचा,
हिरवट, चार घड्यांचा.
तिरका कर अजून.
वॉटरमार्क दिसतो का?

पप्पा, अकरा वाजले तिकडे, झोपा आता, तू म्हणतेस.
तुझ्या खिडकीत साडेसातचं ऊन.
साडेसातला ऊन!
बेकरीचा एप्रन अजून अंगावर,
कोपरापर्यंत पीठ.

चौतीस वर्षं मी हेच केलं.
नाशिकरोडला, प्रेसच्या आत, ट्यूबलाइटखाली
कोरे पासपोर्ट.
नाव नाही, फोटो नाही.
पान उलट, शिलाई बघ, आकडा बघ,
पुढचा घे.
यातलं कोण कुठे जाणार,
आम्हाला काय ठाऊक.
डबा खायला बसलो की बागूल म्हणायचा,
आज आपण दोघांनी मिळून चार हजार माणसं विमानात बसवली
आणि चटणी संपली.

माझा स्वतःचा पासपोर्ट नाही.
काढायचं सुचलंच नाही.

वाच, काय लिहिलंय त्यावर.
तू आधी त्यांच्या भाषेत वाचतेस,
ओठ निराळेच हलतात तुझे.
मग माझ्यासाठी:
वास्तव्य शिक्षणापुरतं.
काम, वर्षाला एकशेचाळीस पूर्ण दिवस
किंवा दोनशे ऐंशी अर्धे.

अर्धा दिवस कितीला संपतो?
चार तासांना, पप्पा.
आणि सव्वाचार झाले तर?
तर तो पूर्ण.

मी कॅलेंडर खाली काढतो.
दुधाच्या खुणा आहेत त्यावर, सिलेंडरची तारीख,
सोसायटीच्या हप्त्याभोवती लाल गोल.
तुझ्या कर्जाचा तो.
तू हप्त्याबद्दल कधी बोलत नाहीस,
मीही नाही.
आपण बेकरीबद्दल बोलतो.

मालक म्हणतो, रविवारीही ये,
तू सांगतेस, एकदम सहज, केस बांधता बांधता.
हातात देईन म्हणतो. लिहायचं नाही कुठे.

इथे पंखा फिरतो.
मी म्हणायला हवं होतं, नको.
बापानं लगेच म्हणायला हवं.
पण माझं डोकं आधी हिशेबाकडे गेलं,
रविवार चार, गुणिले तास,
युरो, रुपये,
लाल गोल.
हे मी तुला सांगितलं नाही.

सांगितलं ते बागूलचं.
एकदा आमच्या खात्यात एक कागद कमी भरला.
एकच.
भोंगा झाला, फाटक उघडलं नाही.
बागूलच्या बायकोचे दिवस भरलेले,
तरी बागूल आत,
आम्ही सगळे आत,
कचरापेट्या उपड्या करून, गुडघ्यांवर.
रात्री दहाला सापडला मशीनच्या पोटात,
तेल पिऊन काळा.
कुणाच्या कामाचा नव्हता तो.
तरी त्याची नोंद झाली, सह्या झाल्या,
मग सुटलो.
बागूल बिटकोपर्यंत पळत गेला.
मुलगी दोन तासांची झाली होती.

तू बराच वेळ काही बोलली नाहीस.
मला वाटलं रेंज गेली.
मग म्हणालीस, मी नाही म्हटलं त्याला.
आणि मग, खाली बघत,
दोन रविवार गेले होते, पप्पा.
त्यानंतर नाही म्हटलं.

दोन रविवार.
माझी पेन्सिल कॅलेंडरवर तशीच टेकलेली.
या चौकोनांत काय लिहू?
दूध एक लिटर, असं आहे तिथे.

जेवलीस का, मी विचारलं.
पाव होता उरलेला, म्हणालीस.

परत धर तो कागद.
हां, आता दिसतंय, मधोमध, फिकट.
कागद चांगला आहे, मी म्हणालो,
लवकर पिवळा पडणार नाही.
दुसरं काही सुचेना.
ऊन त्यातून आरपार येत होतं
आणि कोपऱ्यात तुझा अंगठा.

प्रणाली, बोट काढ तिथून.
पीठ लागतंय.