सोळाला आठ महिने कमी

खोक्याच्या कोपऱ्यात छापलंय: सोळा.
ओत्सोला सोळाला आठ महिने कमी.
या आठ महिन्यांत मुलाच्या आत नेमकं काय पिकतं
ते खोक्यावर लिहिलेलं नाही.

ओउलू. दुपारचे तीन, आणि दिवस मिटलासुद्धा.
मी रात्रपाळी करून, झोपून, नुकती उठलेय,
केसांना अजून ॲम्ब्युलन्समधल्या स्पिरिटचा वास.
तो म्हणतो, तू तर रोज रक्त बघतेस, आई,
हे नुसतं रंगवलेलं.
म्हणूनच, मी म्हणते. सरक. तो दुसरा रिमोट दे.
रिमोट नाही गं, कंट्रोलर.
बरं, तो.

मी निवडली एक दणकट बाई, हातात कुऱ्हाड,
वाटलं, हिच्या अंगात मला शिरता येईल.
पहिली फेरी सात सेकंद. दुसरी नऊ.
जेवणाआधी मी अकरा वेळा मेले
आणि अकरा वेळा उठून उभी राहिले.
माझ्या कामात असं होत नाही.

रक्ताकडे कामाच्याच डोळ्यांनी पाहिलं:
फार लाल, फार पातळ, लगेच नाहीसं होणारं.
कपाळ फुटलं की ते डोळ्यात उतरतं,
आणि माणूस आधी चष्मा शोधतो, मग बायकोला.
चित्र काढणाऱ्याला हे माहीत नसावं.
बरंय.

मग मी त्याच्या कानांवरचे हेडफोन मागितले.
तो थबकला.
अकरा मरणांत नव्हतं एवढं त्या थबकण्यात होतं.
आत कुठल्याशा देशातलं एक पोर,
आवाज अजून फुटायचाय असं,
ओत्सोच्या आईबद्दल काहीतरी बोलत होतं.
म्हणजे माझ्याबद्दल.
शनिवारी रात्री गाडीत घातलेले दारुडेही
इतकं सविस्तर बोलत नाहीत.

आणि तू? तू परत काय म्हणतोस?
तो बोटांकडे बघत राहिला.
त्या पोराचीही आई असेल कुठेतरी, भांडी घासत,
किंवा माझ्यासारखी झोपेतून उठत.

त्याचा बाप वासाहून फोनवर म्हणाला,
वायरच काढून टाक ना.
वायर काढणं सोपं.
वासाला जाणंही सोपंच होतं.

सहाव्या वर्षी मीच याला बर्फावर उभं केलं,
हातात हॉकीची काठी दिली.
नवव्या वर्षी त्याचे दोन दात
दुधाच्या पेल्यात घालून मी दवाखान्यात धावले.
त्या काठीवर आकडा नव्हता.
शेजारचे टाळ्या वाजवत होते. दात पडायच्या
मिनिटभर आधीपर्यंत मीही.

तर आता टीव्ही स्वयंपाकघरात आलाय.
हेडफोन खुंटीला, माझ्या रेनकोटशेजारी.
ज्याला जे बोलायचंय ते उकडत्या बटाट्यांसमोर बोलावं.
पहिल्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही,
दुसऱ्या दिवशी फक्त मीठ मागितलं.
काल एका अनोळखी पोराने त्याला धू धू धुतलं
तेव्हा त्याने दातांतून श्वास सोडला आणि म्हणाला,
भारी खेळलास.
मी पाठमोरी होते. तशीच राहिले.

बरोबर केलं की चूक, ठाऊक नाही.
मला अजून एकच डाव येतो:
मागची दिशा दाबून धरायची, घाव अंगाला लागू द्यायचा नाही.
आई, तू नुसती अडवत बसतेस,
असं कुणी जिंकत नसतं.
माहितीये, राजा.
मला फक्त वेळ संपेपर्यंत उभं राहायचंय.