अर्ध्या पौंडाची जागा

पेपरच्या कचेरीतला माणूस ओळीमागे पैसे घेतो.
पाच ओळींत बसवा, म्हणाला, सहावीपासून दर वेगळा.
बाबा असते तर वीस मिनिटं थंडीवर बोलले असते,
त्याच्या कुत्र्याचं नाव विचारलं असतं,
दहा ओळी पाचाच्या भावात घेऊन
वर त्यालाच एक वजनकाटा विकला असता.

मी लिहिलं:
अर्विड टॉलफसन, वय अठ्ठ्याऐंशी, फर्गस फॉल्स.
एकतीस वर्षं वजनकाट्यांचे फिरते विक्रेते, निवृत्त.
कै. अर्डिसचे पती, करीन, डेल आणि सॉल्वेगचे वडील.
गुरुवारी अकरानंतर चर्चच्या तळघरात कॉफी.
चार झाल्या.

सोमवारी पहाटे निघायचे.
स्टेशन वॅगनच्या मागच्या सीटवर नमुन्याचा काटा,
पांढऱ्या एनॅमलचा, पट्ट्याने बांधलेला,
चौथ्या मुलासारखा.
वॉपटन, जेम्सटाउन, मायनॉट.
खाटीक, वाणी, धान्याची कोठारं,
आणि एक बाई जी फक्त बटणं विकायची, तीही वजनावर.
शुक्रवारी रात्री परत. नेहमी.
एकदाच, वादळात, शनिवार उजाडला
तेव्हा बूट न काढता जिन्यावर बसून राहिले,
आमची उधारी थकल्यासारखे.

आम्ही तिघंही त्याच काट्यावर मोजलो गेलो,
आधी परातीत, रडत;
मग बंद पडलेल्या डेअरीतून आणलेल्या
तळघरातल्या मोठ्या काट्यावर, वाढदिवसाला, मोजे काढून.
मोज्यांचं वजन तुझं नाही, म्हणायचे.
रूबार्ब पाय कापतानाही सुरी थांबायची,
डोळा बारीक व्हायचा:
मापात पाप नको.
डेलला नेहमी वाटायचं करीनचा तुकडा मोठा.
तो आजही तसंच म्हणतो.

मग आईची तब्येत तोळामासा झाली.
शब्दशः. डॉक्टरांनी सांगितलं, रोज वजन घ्या.
रोज सकाळी बाबा तिला धरून
तळघराच्या नऊ पायऱ्या उतरवत,
निळा गाउन सारखा करत,
मग चष्मा लावून आकडा मोठ्याने वाचत
जसा मायनॉटच्या खाटकाला वाचून दाखवावा:
एकशे चार! कालच्याइतकंच, अर्डिस!
आणि ती म्हणायची, बरं तर, आज एक टोस्ट खाते.

काल त्यांची पेटी उघडली,
काटे तपासायच्या पितळी वजनांची, आत हिरवी मखमल.
सगळी आपापल्या खळग्यात, लहानापासून मोठ्यापर्यंत.
फक्त अर्ध्या पौंडाची जागा रिकामी.
खाली वही. तारीख, आकडा,
आणि बाजूला शिसपेन्सिलीने, बारीक:
वजा दोन औंस.
वजा चार.
ऑक्टोबरभर वजा आठ.

न्हाणीघराच्या दाराआड तो गाउन अजून आहे.
अकरा वर्षं कोणी काढला नाही.
उजव्या खिशात हात घातला.
थंड होतं. जड नव्हतं फारसं.

पस्तीस वर्षं धुण्याआधी जिने त्यांचे खिसे चाचपले,
सुट्टी नाणी, खडू, मोटेलच्या किल्ल्या काढल्या,
तिला स्वतःच्या खिशातलं पितळ
लागलं नसेल?
करीन म्हणते, नसेल, औषधांची गुंगी होती.
डेल काही बोलला नाही.
त्याने वजन हातात घेतलं, फुंकर मारली,
बाहीने पुसलं,
आणि पेटीत ठेवायला गेला, आणि नाही ठेवलं.
परत खिशातच.

संध्याकाळी कचेरीत फोन लावला.
एक ओळ राहिलीय, म्हटलं, कदाचित दोन,
दर काय तो लावा.
सांगा, म्हणाला.
पलीकडे काहीतरी भुंकलं.
मला शब्द सापडेनात,
म्हणून मी त्याला
त्याच्या कुत्र्याचं नाव विचारलं.