इतर

अ‍ॅडलेडची जूनमधली थंडी. स्काउट हॉलचा हीटर
तापण्याआधी नुसताच कडकडतो.
चार टेबलं जोडून आम्ही नकाशा पसरला,
साडेचार मीटर हायवे,
कोपऱ्यांवर साखरेच्या बरण्या ठेवल्या,
कारण तो पुन्हा गुंडाळी व्हायला बघत होता.

नियम सोपे. हिरवा ठिपका म्हणजे आवडलं,
लाल म्हणजे नाही, पिवळा म्हणजे विचारायचंय.
सूचना चिठ्ठ्यांवर लिहायच्या. त्या घरी नेऊन मी टाइप करायच्या
आणि प्रत्येकीपुढे एक रकाना भरायचा:
आवाज, झाडं, दुकानं, पार्किंग, इतर.

ब्रँकोने पहिल्या दहा मिनिटांत अकरा लाल ठिपके लावले,
सगळे स्वतःच्याच फाटकावर.
फुओंगबाई बेकरीतून पाव घेऊन आल्या होत्या,
ठिपका बोटावरच धरून विचारत होत्या,
"काम किती चालणार? दिवस सांगा, महिने नको."
कुणी म्हणालं, निलगिरी तोडू नका.
कुणी म्हणालं, तोडाच, दर वादळात फांदी आमच्याच छपरावर.
नवराबायको निघाले.

डेक्लन, इंजिनिअर, वय एकोणतीस,
येईल त्याला सांगत होता
की अजून काहीच ठरलेलं नाही.
त्याच्या पाठीमागे फळीवर चित्र होतं
ठरलेल्या पुलाचं. खालून सायकलवर हसत जाणारी मुलगी
आणि आमच्याकडे कधीच नसतं असलं आभाळ.

आठ वाजत आले तेव्हा ग्वेन्डा ट्रेगिल्गस उठल्या.
वय एक्क्याऐंशी. गळ्यात शिट्टीसारखं काहीतरी,
नीट पाहिलं तर स्टॉपवॉच.
चाळीस वर्षं पोहायला शिकवलं त्यांनी,
अर्धा हॉल त्यांच्या हाताखाली भिजलेला.
"हिरवा माणूस नऊ सेकंद," त्या म्हणाल्या,
"मग लाल माणूस बारा सेकंद लुकलुकतो.
मला पलीकडे पोचायला चौतीस लागतात.
आणि तुम्ही आणखी दोन लेन घालताय."

डेक्लन म्हणाला, चालण्याचा वेग
सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर धरतात.
"कोण धरतं?"
कुणी हसलं नाही.
"कोट घाल," त्या म्हणाल्या.

मीही गेले, चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच हातात.
बटण दाबलं. टक. टक. मग ते घाईघाईचं टकटकटक.
त्या निघाल्या, तो शेजारी,
दोनदा पुढे गेला, दोनदा थांबला,
हळू चालणं त्याला जमेना.
मध्यावर पोचलो आणि दिवे बदलले.
दुभाजक म्हणजे काय, तर दोन हात रुंद सिमेंट,
त्यावर आम्ही तिघं.
ट्रकच्या झोताने त्याचं ओळखपत्र
गळ्याभोवती फिरून पाठीवर गेलं.
त्या ओरडून काही सांगत होत्या, ऐकू येईना.
त्याने त्यांचं कोपर धरलं,
की त्यांनी त्याचं, मला नीट दिसलं नाही.

परत आल्यावर तो बराच वेळ
चहाच्या भांड्यापाशी उभा, कप रिकामा.
मग एक पिवळा ठिपका उचलून
नकाशावर दुभाजक शोधू लागला.
त्या प्रमाणात तो रेघेएवढा होता.
ठिपक्याखाली झाकूनच गेला.

रात्री टाइप करत बसले.
ब्रँको: पार्किंग. निलगिरी: झाडं,
दोन नोंदी, एकाच पत्त्यावरून.
ग्वेन्डाबाईंच्या चिठ्ठीवर नुसता आकडा: ३४.
आवाज नाही, झाड नाही, दुकान नाही.

नोव्हेंबरात अहवाल आला, गुळगुळीत कागदावर.
'नागरिकांनी संमिश्र मतं मांडली.'
परिशिष्टात, पान एकशे बारा,
रकाना इतर, नोंद एक,
आणि आकड्यापुढे तीन शब्द
जे मी टाइप केले नव्हते:
सेकंद. चालून पाहिले.

त्याच्या शेजारी कार्यवाहीचा रकाना.
तो अजून कोरा आहे.