प्रॉम्प्टर

डुलुथचं थिएटर. बाहेर गोठलेलं सरोवर,
आत बॅरन झालेला आर्विड
(जुन्या पडद्याचा मखमली कोट, काखेत उसवलेला)
नायिकेपुढे गुडघ्यावर.
पुढचं वाक्य : माझं चुकलं.
आठवेना.

विंगेत मार्लिस, मांडीवर संहिता.
घटस्फोटाला अकरा वर्षं.
तालमीत शब्दन् शब्द तिनंच पुरवला,
आज ओठ घट्ट.

मी पियानोवर तोच तुकडा घोळवतोय,
एक-दोन-तीन, एक-दोन-तीन,
परत.
लोक हसतायत, त्यांना वाटतंय
हे असंच बसवलंय.

मग आर्विडनं मान वळवली.
नायिकेकडे नाही,
अंधाराकडे.
ती ओळ गायची होती,
तो नुसतीच बोलला.

माझी बोटं कळांवर तशीच.
तेवढ्यात
पान उलटल्याचा आवाज आला.