आठे शे

मधल्या खोलीला खिडकी नाही.
दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, वर गच्ची,
म्हणून छताखालून पाइप नेला
आणि पाइपच्या पोटात पंखा:
सहा इंची, दोन वर्षांची गॅरंटी,
खोक्यावर गाढ झोपलेलं एक बाळ छापलेलं.

पहिल्या दिवशीच कळलं,
ते बाळ फक्त खोक्यावर झोपतं.

मी रात्रपाळीची नर्स. अमळनेरात मे महिन्यात
दिवसा झोपायला हीच एक अंधारी खोली.
पंखा लावला की माळ्यावर पिठाची गिरणी,
बंद केला
की ऊन भिंतीतून आत येऊन उशाशी बसायचं.

मुजफ्फर आला, रेग्युलेटर लावून गेला.
आधी पंखा बोंबलायचा,
आता वॉर्डातल्या सहा नंबरसारखा कण्हायला लागला.
चुडामणने पंख्याला जुनं ब्लँकेट गुंडाळलं,
तासाभरात करपल्याचा वास, ब्लँकेट खाली.
नणंद फोनवर म्हणाली, कापसाचे बोळे घाल कानात.
घातले. मग माझंच रक्त ऐकू यायला लागलं.

अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं.
धरणगावच्या जिनात एकतीस वर्षं.
कान तिथेच ठेवून आले,
पेन्शनच्या कागदावर त्याचा रकाना नव्हता.
माझे डोळे बघून एका दुपारी विचारलं,
"काय व्हयनं? झोप नही लागस का?"
मी बोट वर केलं.
ते पंख्याकडे बघत राहिले,
गोल गोल फिरणाऱ्या, त्यांच्यासाठी मुक्या.

मग शिडी मागितली.

तळहात आधी भिंतीला लावला,
मग तुळईला, मग पाइपला,
ताप बघावा तसा, घाई न करता.
क्लॅम्पपाशी हात थांबला.
"आठे शे," म्हणाले. "पंखा नही बोलत. भित बोलस."

चार स्क्रूंनी पंखा तुळईला आवळलेला,
त्याची सगळी थरथर ती घरभर वाटत सुटलेली.
अप्पांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या,
पंखा त्यांच्यात टांगला, पाळण्यातल्या पोरासारखा,
कुठेच टेकू दिला नाही.
वाकडा, सुरकुतलेला पाइप ताणून सरळ केला,
घडीघडीला अडखळणारी हवा नीट चालू लागली.
रेग्युलेटर काढून टाकला, नुसता अंगठा आडवा हलवून.
गच्चीवर तोंडाशी एक पत्र्याची झडप होती,
वाऱ्याने चुगल्या सांगत आपटायची,
तिच्या कडेला फाटक्या चपलेचा रबर.

"जिनात," पट्टी कापता कापता ते म्हणाले, खूप मोठ्याने,
त्यांना त्यांचा आवाज कळत नाही,
"दुपारी मी रुईच्या ढिगात निजायचो.
आत शिरलं का मशीन मरून जायचं."
मी गादीकडे बघितलं. त्यांनी मान हलवली:
रुई नको, रुईला आग लागते,
त्यांनी दोन आगी पाहिल्यात.
मुजफ्फरच्या भंगारातून काचेची लोकर आली,
ठिबकवाल्यांकडून उरलेला मोठा नळ,
लहान पाइप मोठ्यात, मध्ये लोकर,
दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद.
दोन दिवस अप्पांचे हात खाजत होते.

तिसऱ्या दिवशी पंखा लावला.
राहिली ती थोडी सळसळ,
दूर कुणीतरी तुरीच्या शेंगा पाखडतंय एवढी.

अप्पा दारात. "गया का?"
मी मान हलवली: गेला.
त्यांनी भिंतीवर हात ठेवला,
बराच वेळ.
"थोडासा शे," म्हणाले,
आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं
जशी मी पेशंटच्या नातेवाइकांना
"बरं आहे" सांगते तेव्हा ते बघतात.

मग मी झोपले.
उठले तेव्हा सात वाजले होते, ड्यूटीला उशीर,
शिडी तिथेच,
आणि वरच्या पायरीवर चष्मा.